दृष्टांताचा अधिकार

उदाहरणावाचून कोणत्याही शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही. व्याकरणकार 'देव' हा शब्द घेऊन विभक्ती चालवितो, गणिताचा शिक्षक फळ्यावर त्रिकोण काढतो, वैद्य एखाद्या रुग्णाची हकीकत सांगतो, वकील जुना निवाडा न्यायाधीशापुढे ठेवितो. ही सर्व मंडळी उदाहरणच देत असतात. त्यामुळे साहजिकच असे वाटते की, तत्त्ववेत्ताही त्यांच्याप्रमाणेच उदाहरण देतो. त्याचा घट, त्याचा पट आणि त्याचा दोरीवरील साप ही कठीण विषय सोपा करून सांगण्याची एक युक्ती आहे, त्यापलीकडे तीत काही नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि आमच्या मते तो बरोबर नाही. तत्त्वज्ञानात दृष्टांताचे स्थान निराळे आहे. ते कोणत्या प्रकारे निराळे आहे, आणि महाराष्ट्राच्या विचारेतिहासात या निराळेपणाला केवढे महत्त्व आले, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम इतर शास्त्रांकडे पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यातील करकंब हे मोठे गाव घ्या. पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. भूगोलवेत्त्याला करकंब हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या गावाचे एक उदाहरण आहे. त्याऐवजी त्याने माढ्याचे किंवा सांगोल्याचे एखादे गाव घेतले तरी त्याचा सिद्धांत ढळत नाही. अर्थशास्त्रज्ञाला भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाल्यानंतर या भागातील पिके कशी बदलली व ऊस कसा वाढला हे दाखवावयाचे असेल, तर त्याला एक करकंब पुरणार नाही. अशी अनेक गावे पाहून तो सरासरी काढील, आणि एखादे गाव त्या सरासरीबाहेर पडले तर त्याची झोप उडणार नाही. इतिहासकाराची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याला करकंब हे कशाचेच उदाहरण नसते. त्याला हेच गाव, याच गावाचे कागद, याच गावचे वतनदार हवे असतात. वकिलाचा जुना निवाडा पुढील न्यायाधीशाला बांधून टाकतो, तो मोठ्या न्यायासनाने दिलेला असतो म्हणून. येणेप्रमाणे उदाहरण कोठे नमुना असते, कोठे पुराव्यातील एक कण असते, कोठे अधिकाराची आज्ञा असते, तर कोठे ते उदाहरणच नसून तोच अभ्यासाचा विषय असतो.

आता याच गावाविषयी तत्त्ववेत्ता काय विचारतो ते पाहा. तो म्हणतो, गेल्या पाचशे वर्षांत करकंबातील प्रत्येक घर एकामागून एक पडून नवे झाले असे समजा. माणसे तर सर्वच बदलली. मग आजचे करकंब आणि त्या काळचे करकंब हे एकच गाव कशावरून? मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने रथाविषयी हेच विचारले होते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे; मग रथ कोणता? ग्रीक लोकांत थीसिअसच्या जहाजाची कथा आहे, तिच्यातही हाच पेच आहे. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी करकंबची लोकसंख्या किंवा तेथील पाऊस ठाऊक असण्याची जरुरी नाही. येथे जरुरी आहे ती करकंबच्याच एखाद्या शेतकऱ्याच्या उत्तराची. त्याला विचारले तर तो क्षणाचाही विचार न करता म्हणेल की, गाव तेच. तत्त्ववेत्त्याला हे उत्तर बाजूस सारता येत नाही. गाव म्हणजे घरांचा समुदाय, अशी व्याख्या त्याने केली असेल, तर या एका उत्तराने ती मोडते आणि त्याला नवी व्याख्या शोधणे भाग पडते. शास्त्रज्ञ उदाहरणाला आपल्या सिद्धांताखाली बसवितो. तत्त्ववेत्ता आपला सिद्धांत घेऊन उदाहरणापुढे उभा राहतो.

येथे कोणी अशी शंका घेईल की, गणितातही एका विरोधी उदाहरणाने सिद्धांत मोडतो, मग तत्त्वज्ञानाचे विशेष ते काय? शंका योग्य आहे. परंतु गणितातील विरोधी उदाहरण खरोखर विरोधी आहे की नाही, हे गणितानेच सिद्ध होते. गणित न जाणणाऱ्याचा त्यात कौल घेतला जात नाही. तत्त्वज्ञानात मात्र 'हे ज्ञान म्हणावे की नाही', 'हा न्याय झाला की अन्याय', 'गाव तेच की निराळे' हा निर्णय शब्दांचा नित्य व्यवहार करणाऱ्या माणसाकडूनच घ्यावा लागतो. त्या निर्णयापुरता पंडित आणि अडाणी यांचा दर्जा सारखा होतो.

हे आमचे नवे मत आहे असे कोणी समजू नये. अक्षपाद गौतमाने न्यायसूत्रांच्या आरंभी जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत दृष्टांत पाचवा आहे आणि सिद्धांत सहावा. दृष्टांत आधी आणि सिद्धांत नंतर, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पुढे दृष्टांताचे लक्षण सांगताना गौतम म्हणतो की, ज्या गोष्टीविषयी सामान्य लोक आणि परीक्षक विद्वान या दोघांची बुद्धी समान असते, ती गोष्ट म्हणजे दृष्टांत. या लक्षणात 'लौकिक' हा शब्द 'परीक्षका'च्या बरोबरीने बसविलेला आहे. नुसत्या विद्वानाला पटणारी गोष्ट या लक्षणाने दृष्टांत होऊ शकत नाही. ज्या शास्त्राची वादसभा राजांच्या आणि मठपतींच्या आश्रयाने चालत असे, त्याच शास्त्राने साध्या माणसाला त्या सभेत एक जागा राखून ठेविली, ही गोष्ट लहान नव्हे.

नैयायिकांचे अनुमान पाच अवयवांचे असते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. ॲरिस्टॉटलच्या तीन अवयवी अनुमानात स्वयंपाकघराला जागा नाही. तेथे सामान्य नियम ठेविला की काम भागते. आमच्याकडेही उदाहरण हा निराळा अवयव अनावश्यक आहे असे म्हणणारे निघाले. जैन तार्किकांनी तर व्याप्ती साध्य-हेतूंच्या स्वरूपातच असते, बाहेरच्या उदाहरणावर ती अवलंबून नाही, असा पक्ष जोराने मांडला. तथापि नैयायिकांनी आपले स्वयंपाकघर सोडले नाही. याचे कारण असे दिसते की, त्यांच्या मते अनुमान हे दुसऱ्याला पटवून देण्यासाठीही असते, आणि दुसऱ्याला पटवावयाचे तर दोघांच्या पायांखाली एकच जमीन असली पाहिजे. दृष्टांत ही ती जमीन होय.

या जमिनीवर उभे राहून प्रतिपक्षाला पाडताही येते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आमच्याकडे पाठशाळांतून आणि पुढे महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. या परंपरेत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 'जेथे धूर तेथे अग्नी' हे खरे. मग 'जेथे अग्नी तेथे धूर' असे का म्हणू नये? उत्तर एकच आणि ते लोहाराच्या भट्टीतले: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा, त्यात अग्नी आहे पण धूर नाही. हजार चुली धुराच्या बाजूने साक्ष देतील, परंतु या एका गोळ्यापुढे त्यांची साक्ष व्यर्थ होते. यालाच न्यायशास्त्रात व्यभिचार म्हणतात. अर्थशास्त्रज्ञाच्या सरासरीत जो गोळा हरवला असता, तोच येथे सर्व निकाल देतो.

याच पद्धतीने ज्ञानाचे लक्षणही वेळोवेळी मोडले गेले. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात असा प्रश्न केला की, एखाद्याने धुके पाहून ते धूर समजावे, त्यावरून अग्नीचे अनुमान करावे, आणि योगायोगाने तेथे अग्नी असावा, तर त्याचा समज खरा असूनही त्याला ज्ञान म्हणावे काय? कवड्या मुठीत धरून किती आहेत असे विचारले असता कोणी नुसता तर्क करून बरोबर संख्या सांगितली, तर त्याला ती संख्या ठाऊक होती असे होते काय? पुढे १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन अध्यापकाने अवघ्या तीन पानांच्या लेखात दोन उदाहरणे देऊन 'सकारण आणि खरा समज म्हणजे ज्ञान' ही पाश्चात्त्यांची व्याख्या हलवून सोडली. दोघांमध्ये आठ शतकांचे अंतर. परंतु हत्यार एकच, आणि ते चालते तेही एकाच आधारावर: 'छे, याला काही ज्ञान म्हणता येणार नाही' असे वाचक आपणहून म्हणतो.

वेदांतात दृष्टांताचे काम थोडे वेगळे होते. अंधारात दोरीच्या जागी साप दिसतो, शिंपल्याच्या जागी रुपे दिसते, यावरून जग मिथ्या असल्याचे सिद्ध झाले असे कोणी समंजस वेदांती म्हणणार नाही. जी वस्तू नाही ती असल्यासारखी दिसू शकते, आणि तिच्या भीतीने माणूस खराखुरा कापतो, एवढीच शक्यता हा दृष्टांत दाखवितो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात स्पष्ट सांगितले आहे की, दृष्टांत आणि ज्यासाठी तो दिला तो दार्ष्टांतिक यांचे साम्य विवक्षित अंशापुरतेच असते. सर्व अंशांनी साम्य असेल तर दोहोंत भेदच उरणार नाही आणि दृष्टांताचा व्यवहारच बुडेल. दृष्टांताचा अधिकार मोठा आहे, पण त्याला हद्द आहे. ही हद्द ओळखणे हेच तत्त्वज्ञानातील अर्धे शहाणपण होय.

येथवरचा दृष्टांत संस्कृतात होता. लौकिक माणसाची बुद्धी प्रमाण धरावयाची, पण ज्या भाषेत ती बुद्धी वावरते त्या भाषेत वाद करावयाचा नाही, असा हा विलक्षण प्रकार होता. स्वयंपाकघर दृष्टांतात आले, पण चूल पेटविणारी बाई सभेत आली नाही. ही विसंगती महाराष्ट्रात तेराव्या शतकात प्रथम दूर झाली. चक्रधरस्वामींनी आपले तत्त्वज्ञान मराठीतून सांगितले. नागदेवाचार्यांचे शिष्य केशोबास यांनी स्वामींचे दृष्टांत एकत्र करून दृष्टांतपाठ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची रचना त्रिविध आहे: आधी स्वामींचे सूत्र, मग स्वामींचाच दृष्टांत, आणि शेवटी केशोबासांनी लिहिलेला दार्ष्टांतिक. कथा कोठे संपली आणि तिचा अर्थ कोठे सुरू झाला, याची सीमारेषा येथे ग्रंथाच्या मांडणीतच आखलेली आहे. हत्ती पाहावयास गेलेल्या आंधळ्यांची जुनी बौद्ध व जैन कथा येथेही आहे. कोणाला हत्ती खांबासारखा वाटतो, कोणाला सुपासारखा. खांब आणि सूप या घरातल्या वस्तू असल्यामुळे ऐकणाऱ्याला चूक कोठे झाली हे टीकाकाराच्या साहाय्यावाचून उमगते.

स्मृतिस्थळात या संबंधी एक अर्थपूर्ण आठवण नमूद आहे. केशोबास संस्कृतात व्युत्पन्न होते आणि संस्कृतात रचना करण्याकडे त्यांचा ओढा होता. नागदेवाचार्यांनी त्यांस अडविले. असे केल्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. गौतमाच्या सूत्रातील 'लौकिक' कोण, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर आम्हांस तरी कोठे आढळले नाही. तो लौकिक म्हणजे महानुभाव पंथातील वृद्ध बाई. तिला दृष्टांत कळला नाही, तर तिचा तोटा होतो एवढेच नव्हे. ज्या संमतीवर शास्त्र उभे राहावयाचे ती संमतीच नाहीशी होते.

शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी झाली. तिच्या सुमारे नऊ हजार ओव्यांत दृष्टांतांची इतकी गर्दी आहे की, पुष्कळ रसिक ती कवीच्या प्रतिभेचा उल्हास मानून संतुष्ट होतात. काव्य म्हणून ती थोर आहेच. परंतु तार्किकाच्या दृष्टीने पाहिले तर या गर्दीत एक शिस्त दिसते. अद्वैत सांगताना नुसता सोन्याचा आणि दागिन्याचा दृष्टांत दिला, तर दागिना घडविणारा सोनार कोण, अशी नको ती शंका उठते. पाणी आणि तरंग असे म्हटले की सोनाराची गरज राहत नाही. एका दृष्टांताने जो अंश अधिक सांगितला, तो दुसरा कमी करितो. आचार्यांनी जी हद्द भाष्यात सांगितली, ती ज्ञानेश्वर एकापुढे एक दृष्टांत ठेवून वाचकाच्या हाती देतात. या ग्रंथाचा पाठ पुढे शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी शुद्ध केला. आषाढीच्या वारीत त्र्यंबकेश्वराहून येणारी निवृत्तिनाथांची आणि पैठणहून येणारी एकनाथांची, अशा दोन्ही पालख्या करकंबवरून पंढरीस जातात. ज्ञानेश्वरांचे गुरू आणि ज्ञानेश्वरीचे संशोधक यांच्या पादुका ज्या वाटेने नेल्या जातात, त्या वाटेवरच्या अक्षरशत्रू माणसालाही सोने आणि दागिना यांची गोष्ट ठाऊक असते. जगातील किती देशांत शेतकऱ्याच्या तोंडी अद्वैताचे प्रमेय असे सहज येत असेल?

परंतु दृष्टांताच्या अधिकाराची खरी कसोटी त्याच्या गोडीत नाही. अन्यायापुढे तो टिकतो की नाही यात ती आहे. वर्णव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांनी शतकानुशतके एका विराट पुरुषाच्या देहाचे चित्र पुढे ठेविले. मुख, बाहू, मांड्या आणि पाय हे जसे एकाच देहाचे अवयव, तसे चार वर्ण एकाच समाजाचे. आणि पायांनी मुखाचे काम मागू नये हे जसे योग्य, तसेच शूद्राने वेद मागू नये हेही योग्य. हा युक्तिवाद पुष्कळांना दृष्टांत वाटला. गौतमाचे लक्षण लावून पाहिले तर तो दृष्टांत ठरत नाही. ज्याला पाय ठरविले त्याची बुद्धी या बाबतीत ठरविणाऱ्याच्या बुद्धीशी समान होती काय? त्याला कोणी विचारले होते काय? आणि ज्याला त्या देहात एक अवयव म्हणूनही जागा दिली नाही, त्या अस्पृश्याने कोणत्या बाजूने संमती द्यावी? ज्या चित्राला फक्त एका पक्षाची मान्यता आहे ते फार तर उपमा होईल. दृष्टांताचा अधिकार त्याला नाही.

आता याच्या उलट बाजूस चोखोबांचा ऊस ठेवून पाहा. चोखामेळा मंगळवेढ्याचे. तेथेच १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला आणि पंढरपुरास महाद्वारापुढे, देवळाच्या बाहेर, त्यांची समाधी झाली. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात वाकड्या उसाचा दृष्टांत आहे: कांडे वाकडे म्हणून रस काही वाकडा होत नाही. भक्तीच्या भरात सुचलेली ही एक सुंदर कल्पना आहे, असे म्हणून आपण पुढे जातो. वस्तुतः ते एक नेटके खंडन आहे. 'बाहेरचे जसे, आतले तसे' ही व्याप्ती गृहीत धरून जातीवरून माणसाची योग्यता ठरविली जात होती. चोखोबांनी त्या व्याप्तीचा व्यभिचार दाखविला. लोखंडाच्या तापल्या गोळ्याने जे काम न्यायशास्त्रात केले, तेच काम उसाच्या एका कांड्याने येथे केले. आणि या दृष्टांताला दोन्ही पक्षांची मान्यता आहे; कारण वाकड्या उसाचा रस पिऊन तो गोड नाही असे म्हणणारा बडवाही पंढरपुरात मिळाला नसता. ज्या गोष्टीत लौकिक आणि परीक्षक यांची बुद्धी समान, ती हीच.

मग या खंडनाला उत्तर काय मिळाले? उत्तर मिळाले नाही. दार मात्र बंदच राहिले. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरास उपोषण केले, त्यानंतर विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मोकळे झाले. मधे सहाशे वर्षे गेली. यावरून कोणी म्हणेल की, दृष्टांताने काही होत नाही. आमचे म्हणणे असे की, दृष्टांताने वाद जिंकला जातो, हक्क मिळत नाही. परंतु ज्या पक्षाचा वाद सहाशे वर्षांपूर्वीच हरला आहे त्याला पुढे नुसत्या बळावर तग धरावा लागतो, आणि हे बळ शास्त्राचे नाही हे सर्वांना दिसत राहते.

इंग्रजी शिक्षणाने आमच्या दृष्टांतांच्या भांडारात भर पडली, ती येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. सॉक्रेटिसाला केफॅलसने न्याय म्हणजे खरे बोलणे व घेतलेले परत करणे असे सांगितले, तेव्हा त्याने विचारले की, शहाणा असताना मित्राने ठेवावयास दिलेले शस्त्र तो वेडा झाल्यावर मागू लागला तर द्यावे काय? लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणी हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांना अर्जुनाच्या शेजारी आणून बसविले. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक ब्राह्मणाची कथा आहे. सदा सत्यच बोलावयाचे असे त्याचे व्रत होते; लुटारूंनी विचारले तेव्हा लपलेल्या माणसांची वाट त्याने खरी दाखविली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली जवळजवळ याच प्रसंगाचा विचार करून उलट निर्णय दिला: खुनी मनुष्याने विचारले तरी असत्य बोलू नये. एकच दृष्टांत आणि दोन निर्णय. कांटचा निर्णय वाचून त्याच्या बहुतेक वाचकांना आजतागायत अवघडल्यासारखे होते, आणि त्याच्या अनुयायांना त्याबद्दल खुलासे लिहावे लागतात. एवढ्या मोठ्या पंडिताला सामान्य माणसाची नापसंती अशी छळत राहावी, हाच दृष्टांताचा अधिकार.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. इतर शास्त्रांत उदाहरण चुकले तर दुसरे घेता येते. तत्त्वज्ञानात ते चुकले तर सिद्धांत परत घ्यावा लागतो. म्हणून तत्त्वज्ञानाचे पुस्तक वाचताना दृष्टांत आला की, आता सोपा भाग आला असे समजून वाचकाने सैल होऊ नये. उलट तेथेच सावध व्हावे. हा दृष्टांत कोणत्या अंशापुरता आहे, त्याला माझी संमती आहे काय, आणि ज्याच्याविषयी तो सांगितला त्या माणसाची संमती कोणी घेतली आहे काय, हे तीन प्रश्न त्याने विचारावे. आजही सभांतून आणि वृत्तपत्रांतून राष्ट्र म्हणजे एक कुटुंब, समाज म्हणजे एक देह, बाजार म्हणजे एक यंत्र अशी चित्रे आपल्यापुढे नित्य मांडली जातात आणि त्यांवरून कोणी काय सोसावे हे ठरविले जाते. ती मांडणारे विद्वान असतात. परंतु गौतमाच्या न्यायाने त्या सभेत दुसरेही एक आसन आहे, आणि त्यावर बसणाऱ्याने नाही म्हटले तर दृष्टांत उभा राहत नाही.